तो रडला नाही म्हणून?

काका, वहिनी कूलरचा करंट लागून गेली त्यात माझ्या भावावरच संशय घेणारी तुमची प्रतिक्रिया ठेवली आहे, काढणार नाही. तुमचं म्हणणं असं: आग असल्याशिवाय धूर निघत नाही, तहसीलदार उगाच कोणाच्या घरी येत नाहीत, बायको कूलरला चिकटली तर नवऱ्याला साधा झटकाही कसा नाही, तेरवीलाही तो रडला नाही, आणि परवा तर्री पोह्याच्या ठेल्यावर हसत होता.

तहसीलदार आले, कारण लग्नाला चारच वर्षं झाली होती. सात वर्षांच्या आत सून अशी गेली की त्यांच्यासमोर पंचनामा होतो. मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, शवविच्छेदन झालं, तळहातावर करंटची खूण मिळाली. पंपाच्या वायरचं कव्हर घासून गेलेलं, अर्थिंग नाही, लोखंडी बॉडीत करंट उतरलेला. वहिनी ओल्या फरशीवर अनवाणी, हातात पाण्याची बादली. अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण बंद झालं. ते मात्र मोहल्ल्यात कोणी कोणाला सांगितलं नाही.

आता झटक्याचं. भाऊ ओरडत तिला ओढायला धावला असता तर तोही गेला असता. त्यानं आधी मेन स्विच पाडला. याच शहाणपणाचा तुम्ही पुरावा केलात. (खरं सांगतो, पहिल्या आठवड्यात एका रात्री मीही त्याला विचारलं होतं, ‘इतकं कसं सुचलं रे तुला?’ त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं.)

ऑस्ट्रेलियात 1980 साली लिंडी चेंबरलेनची नऊ आठवड्यांची मुलगी डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, तंबूतून ओढून नेली. बाई टीव्हीवर रडली नाही, म्हणून लोकांनी तिलाच खुनी ठरवलं. 1982 मध्ये जन्मठेप झाली. गाडीत सापडलेलं ‘रक्त’ बऱ्याच अंशी आवाज दाबायचा लेप निघाला. 1986 मध्ये बाळाचं जाकीट सापडलं तेव्हा ती सुटली, आणि डिंगोवर कोर्टाचा शिक्का बसायला 2012 उजाडलं. बत्तीस वर्षं, काका. आमचं तर अजून एकही झालेलं नाही.

भाऊ आता खिशात टेस्टर घेऊन फिरतो. कोणाच्याही घरी गेला की कूलरला हात लावण्याआधी टेस्टर टेकवतो. यंदा स्वतःच्या घरी कूलर लावलाच नाही, मे महिन्यात नुसता पंखा, तोही गरम हवा फेकणारा.

आणि ठेल्यावरचं हसणं खरं आहे. दहा महिन्यांत पहिल्यांदा मीच त्याला बाहेर काढलं होतं, एक फालतू जोक मारला होता. तेवढ्यात समोर कोणी ओळखीचं दिसलं. त्यानं अर्धी प्लेट तशीच ठेवली अन् गाडीला किक मारली. ते तुम्हीच होतात का, काका?