लाइम आजार आणि शिरेतून पुन्हा अँटिबायोटिक : खुलासा

गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराबद्दल एक मेसेज फिरतोय : थकवा, सांधेदुखी परत आली की शिरेतून सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक पुन्हा सुरू करा, काही महिन्यांत आजार मुळासकट जातो.

हे खरं नाही. उपचारानंतरही काहींना महिनोन्‌महिने त्रास होतो, हे मात्र अगदी खरं आहे. तो मनाचा खेळ नव्हे. पण अशाच रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली : ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन, नंतर ६० दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. २००१ मध्ये निकाल आला, तुलनेसाठी औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम नव्हता. २०१६ मधल्या नेदरलँड्सच्या चाचणीतही लांबलेल्या उपचाराने फायदा दिसला नाही.

धोका मात्र खरा आहे. औषधासाठी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी घालून ठेवतात. तिच्यातून जंतू थेट रक्तात शिरू शकतात, गुठळ्या होऊ शकतात. सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनने पित्ताशयात खडे धरू शकतात, आणि अँटिबायोटिकनंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा तीव्र जुलाब करणारा जंतू माजू शकतो. अशा उपचारांत माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

मेंदूच्या आवरणाला सूज, हृदयाचे ठोके अडणं, गोळ्यांनी न उतरलेली सांध्याची सूज, इथे शिरेतून औषध देतात, पण ठरावीक आठवडेच. तुमच्या डॉक्टरांनी असं दिलं असेल तर हे वाचून मध्येच थांबवू नका. त्रास परतला असेल तर दुसरं कारण नाही ना, हे आधी तपासून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला, तिथे हा खुलासा टाका.