एका फावड्यात सगळं गेलं

आमच्या गल्लीतला रस्ता काँक्रीटचा करायचं काम चालू आहे. पोकलेन आला, खोदून गेला आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचं नेट गेलं. परवा रात्री डोंबिवलीत भागशाळा मैदानाजवळच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. मंगेशच्या घरी नेट नसल्याचा चौथा दिवस होता, त्यामुळे तो येतानाच तापलेला.

"नेट गेलं, टीव्ही गेला, फोनपण गेला. आई आणि मी एकमेकांकडे बघत बसलोय."

"चांगलंय की. बोला जरा," नीता म्हणाली. क्लासची शेवटची बॅच सोडून ती नुकतीच आली होती.

"काय बोलणार? सात वाजले की सिरियल कुठाय विचारते. मोबाइलवर लावून दिली तर म्हणते, माणसं एवढीशी का दिसतायत."

दिवाळीपर्यंत मंगेशकडे जुना केबलवाला होता आणि नेट त्याच्याच भावाचं. मग पप्यानं त्याला पटवलं आणि त्यानं मोठ्या कंपनीचा कॉम्बो घेतला. नेट, चॅनेल, लँडलाइन, वर दहाबारा ओटीटी, सगळं एका वायरीवर.

पप्या ऐरोलीला आयटीत आहे आणि कुठल्याही वादात आधी फोन काढतो. परवाही काढला. स्पीड टेस्ट लावून काटा थांबेपर्यंत सगळ्यांना गप्प बसवलं, मग स्क्रीन चहावाल्यालासुद्धा दाखवली. "घरी याच्या तिप्पट येतो. तीनशेचा प्लॅन आहे आपला."

"तीनशे काय?" अरुणदादानं विचारलं.

"एमबी."

"एमबीपीएस. मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठनं भाग, साडेसदतीस एमबी, म्हणजे मेगाबाइट, होतात. मागच्या महिन्यात डाऊनलोडला सदतीसच दाखवतंय म्हणून कंपनीशी भांडलास तो हाच आकडा."

पप्या म्हणाला, ते टेक्निकल झालं.

अरुणदादा कल्याण टेलिफोन्समधला. बीएसएनएलच्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८ हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली, त्यातला एक. तांब्याच्या जोडीपासून फायबरपर्यंत सगळं त्यानं हातानं जोडलंय, म्हणून या विषयात मी त्याचंच ऐकतो आणि इथेही त्याचंच जास्त लिहिणार आहे.

"एचडी सिनेमाला पाच एमबीपीएस पुरतात," तो म्हणाला. "घरात चौघांनी चार सिनेमे लावले तर वीस. उरलेले दोनशेऐंशी तू कुठे ठेवतोस?"

"फ्युचर-प्रूफ," पप्या म्हणाला.

"हा फ्युचरवाला!" शिरीष इतका वेळ गप्प होता. "२००५ ला २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे तेव्हा रात्री दोन ते आठ फुकट असायचं, म्हणून अलार्म लावून उठायचा हा. सकाळी कॉलेजात झोपायचा आणि अटेंडन्स मी लावायचो."

"दोनदाच लावलीस!"

"सगळं सेमिस्टर लावली."

हे भांडण जुनं आहे आणि मिटणारं नाही. नीतानं ते तोडलं, कारण तिला पैशांचं बोलायचं होतं. क्लासमुळे तिच्याकडे दोन लायनी आहेत आणि दोन्हींची बिलं ती वहीत लिहून ठेवते. जाहिरातीतले ३९९ म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ४७१, हे तिनं तोंडी सांगितलं. मग गाडी केबलवर आली.

"१ फेब्रुवारी २०१९ आठवतोय? जे बघाल त्याचेच पैसे द्या, असं ट्रायनं सांगितलं, म्हणजे फोन-केबलचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं. शंभर चॅनेलपर्यंत १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसेवाल्या चॅनेलचे वेगळे. मी आणि सासूबाई कागद घेऊन बसलो. एकेक मराठी चॅनेल, बाबांच्या बातम्या, मुलांची कार्टून. बेरीज जुन्या बिलाच्या वर गेली. शेवटी त्याच चॅनेलवाल्यांचे बुके, म्हणजे चॅनेलचे गठ्ठे, घेतले, आणि त्यात न बघायचे डझनभर परत घरात आले."

"त्या १३० ची मर्यादा २०२४ च्या जुलैत काढलीच," अरुणदादा म्हणाला. "आता ज्या त्या ऑपरेटरनं आपला आकडा ठरवायचा."

"म्हणूनच केबल मेली," पप्या म्हणाला. "आता कोण केबल बघतं?"

"माझी आई!" मंगेश ओरडला.

मंगेशच्या आईचा जुना रिमोट मी पाहिलाय. प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला, आणि पिशवीवरून दाबून दाबून पाचचा आकडा पुसलेला. आकडे न बघता त्या बरोबर चॅनेल लावायच्या. नव्या बॉक्सला आधी होम स्क्रीन येते, मग ॲप, मग लॉगिन संपलं असेल तर ओटीपी, आणि तो येतो मंगेशच्या फोनवर. मंगेश असतो लोकलमध्ये. ज्या घरात म्हातारं माणूस टीव्ही बघतं तिथे कंपन्यांची तुलना या रिमोटपासून सुरू करायला हवी असं मला मनापासून वाटतं. कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत तो रकाना नसतो.

अरुणदादाचा मुद्दा वेगळा होता आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "मंग्या, तुझी चूक कंपनी निवडण्यात नाही. टीव्ही नेटवर टाकलास, फोन नेटवर टाकलास. एका वायरीत सगळं घातलं की एका फावड्यात सगळं जातं. आईची केबल महिन्याच्या हिशोबानं चालू ठेवली असतीस तर आज नेट नसतं, पण सातची सिरियल असती. केबल नको तर दूरदर्शनची फ्री डिश बसव. दरमहा पैसा नाही, सह्याद्री तरी दिसेल."

"आणि तक्रार? ॲपवर चारदा टाकली. दर वेळी मेसेज येतो, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे."

"राउटरशेजारच्या डब्यावर लाल दिवा आहे ना? फायबरमधून उजेड येत नाही म्हणून तो लागतो. तो बघायला माणूस लागतो, ॲपला काय दिसणार? तक्रारीचा नंबर आहे?"

"मेसेज डिलीट केले."

"शाब्बास. आता पुन्हा कर आणि नंबर जप. ऐकलं नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं, त्याला पैसे पडत नाहीत. एकेकट्याची तक्रार ट्राय घेत नाही, तिकडे वेळ घालवू नकोस. आणि परत कधी वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. बारा महिन्यांचे मिळालेत त्याला तुझी घाई कशाला?"

माझ्याकडे गल्लीतल्याच ऑपरेटरचं नेट आहे. तेही तुटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. जोडताना मी खाली उभा होतो. पाऊस भुरभुरत होता आणि एका मुलानं दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. ज्याच्या हातात काम होतं त्यानं फायबरचं वरचं आवरण सोललं, आतली काच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, छोट्या कटरनं टोक सरळ कापलं आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवली. मशीनच्या पडद्यावर ती समोरासमोर सरकली, ठिणगी पडली, जोड झाला. वर स्लीव्ह सरकवून ती तापवली. एका जोडाला काही मिनिटं, आणि असे बरेच जोड त्याच्यापुढे होते. त्या मुलाचा फोन नंबर गल्लीतल्या प्रत्येकाकडे आहे. महिन्याला पन्नास रुपये जास्त गेले तरी मी तिथून हलणार नाही, आणि हे कट्ट्यावर सांगितलंही.

"इमोशनल," पप्या म्हणाला. "तुम्ही लोक डेटा बघत नाही. आमच्या टॉवरमध्ये या. एक तक्रार नाही."

"किती कंपन्या आहेत तुमच्या टॉवरमध्ये?" अरुणदादानं शांतपणे विचारलं.

"एकच. बिल्डरनं आधीच टाय-अप केलंय. वायरींच्या डक्टमध्ये दुसऱ्याला वायर टाकू देत नाहीत."

"मग मघापासून तू तुलना कोणाशी करतोयस?"

पप्यानं चहा घेतला. त्या बिचाऱ्याला खरंच पर्याय नाही आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय त्यानंच काढायला हवा. नीतानं तसं सांगितलंही. पण तो म्हणाला, मीटिंगला जायला वेळ नसतो.

तेवढ्यात शिरीषला जोर चढला. "शेवटी लोकल केबलवालाच बरा. आपला माणूस!"

हे त्यानं बोलायला नको होतं. नव्वदीपासून डिजिटल होईपर्यंत आमची गल्ली त्याच्या मेहुण्याच्या केबलवर होती.

"आपला माणूस?" नीता म्हणाली. "कधी पावती दिली का रे त्यानं?"

"दोनशे घरं असली तर चॅनेलवाल्यांना चाळीस दाखवायचा," अरुणदादा म्हणाला. "असे गावोगाव होते, म्हणून तर घरं मोजता यावीत असे सेटटॉप बॉक्स आले. मुंबईत २०१२ ला, आपल्याकडे २०१३ च्या मार्चअखेरीला. गल्लीतला माणूस जवळ असतो हे खरं. पण दुसरा कोणी गल्लीत येऊ शकतो हे त्याला माहीत असलं तरच तो धावतो."

"ते सोड," मंगेश उठूनच उभा राहिला. "२ एप्रिल २०११. वर्ल्ड कपची फायनल. शेवटच्या ओव्हरांना केबल गेली. समोरच्या बिल्डिंगीत डिश होती, तिथून ओरडा आला. धोनीचा सिक्स मी कानांनी बघितला. तुझ्या मेहुण्याला सतरा फोन केले, एक उचलला नाही. तू सांगितलंस, तो गच्चीत ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोय."

शिरीष हसायला लागला. थांबेना.

"काय झालं?"

"आता सांगायला हरकत नाही. तो गच्चीत नव्हता."

"मग कुठे होता?"

"वानखेडेला. त्याला तिकीट मिळालं होतं."

नीताच्या हातातला चहा सांडला. अरुणदादा डोळे पुसत होता आणि पप्यासुद्धा फोन ठेवून हसत होता. मंगेश तेवढा हसला नाही.

"नंबर दे त्याचा," तो म्हणाला. "माझे त्या एप्रिलचे पैसे परत पाहिजेत."