नमुना फ्लॅट

मध्यंतरी एका सकाळी मी टॉवेल गुंडाळून, हातात वायपर धरून बेडरूममधलं पाणी बाथरूममध्ये परत ढकलत होतो, आणि नेमक्या त्याच अवस्थेत आमच्या बिल्डरच्या सुपरवायझरनं माझं घर एका गिऱ्हाइकाला दाखवलं. बेल वाजली तेव्हा मला वाटलं, चला, तक्रार बघायला माणूस आला एकदाचा. माणूस आला होताच. पण त्याच्या मागे धोतर, टोपी, हातात काठी असे एक आबाही होते. "सर, दोन्ही कामं एका फेरीत उरकू म्हटलं," सुपरवायझर म्हणाला. "सॅम्पल फ्लॅटची किल्ली शेठकडे राहिली. आणि तुमचं घर कसं, एकदम राहतं-वाहतं आहे."

वाहतं होतं, यात शंका नाही.

बाथरूमची हकीकत थोडक्यात सांगतो. जाळी एका कोपऱ्यात आहे आणि उतार तिच्याकडे पाठ करून दाराकडे गेलाय. दाराशी ग्रॅनाइटची पट्टी आहे, पण तिची उंची बेताचीच. अंगावर घेतलेल्या बादलीतलं तांब्याभर पाणी जाळीत जातं, तेही मी पायानं रेटतो म्हणून. बाकीचं बेडरूममध्ये येतं, पलंगाखाली जातं आणि तिथंच राहतं. पलंगाखाली खोलगट आहे. म्हणजे घरात उतार नाही असं नाही. उतार भरपूर आहे, फक्त त्याची वाटणी चुकली आहे.

सुपरवायझर पोरगा वाईट नाही. डिप्लोमा झालेला, पंचविशीतला, दोन फोन आणि दोन्हींवर कुणीतरी ओरडत असलेलं. त्यानं तांब्याभर पाणी ओतलं, ते आपल्या बुटांकडे येताना पाहिलं, बूट मागे घेतले आणि निदान केलं, "सर, तुमचा पाण्याचा फोर्स जास्त आहे."

जळगावात पाण्याचा फोर्स जास्त असल्याची ही पहिलीच तक्रार असावी. इथं नळाला पाणी कधी येणार यावर घराघराचं वेळापत्रक ठरतं. मी म्हटलं, "मग काय करू?"

"बसून करा आंघोळ. भिंतीकडे तोंड करून."

मी काही बोलणार तेवढ्यात आबांनी काठीनं दाराशी ठोकलं आणि अगदी निरागसपणे अहिराणीत विचारलं, "आठे पानी काबर ऱ्हास?" म्हणजे, इथं पाणी का राहतं?

सुपरवायझर म्हणाला, "आबा, आरसीसी आहे."

पुढची अर्धी घटिका मी माझं दुःख विसरलो, कारण आबांनी माझं घर तपासायला घेतलं. आबा एरंडोलकडचे, कपाशीवाले. नातू जळगावला कॉलेजात, त्याच्यासाठी फ्लॅट बघत होते. नातू सोबत आलाच होता, पण तो जिन्यात रेंज शोधत उभा राहिला तो शेवटपर्यंत. आबा हॉलमध्ये आले, वाकले आणि टरबूज बघतात तशी एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवत निघाले. टक, टक, टक, बद. "आठे पोकय शे." टक, बद, बद. "आठेबी." सोफा त्यांनी स्वतः सरकवला. मी टॉवेलवरच मागे मागे फिरत होतो. बायको स्वयंपाकघरातून डोळ्यांनी मला शर्ट घाल म्हणून सांगत होती, पण मला तिथून हलवेना. गेले कित्येक महिने मी सांगतोय ते कुणीतरी स्वतःच्या बोटानं ऐकत होतं.

फरशी पोकळ का वाजते हेही मला आता माहीत आहे. खाली मसाला सगळीकडे सारखा पसरायचा, तो न पसरता चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवायचे आणि वरून फरशी दाबायची. दिसायला छान दिसते. पुढे कधी तिच्यावर गॅसचं सिलिंडर आपटलं की तडकते. यात फरशीवाल्याला एकट्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. त्याला पैसे चौरस फुटावर मिळतात, उतारावर मिळत नाहीत. उतार काढायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचा भाव कुठल्याच ठेक्यात धरलेला नसतो. ठेकेदाराला पुढची साईट गाठायची असते, शेठला दसऱ्याचा मुहूर्त. उतार बघायची पाणसळ पिशवीतच राहते.

आबा भिंतीपाशी थांबले. तिथं वरून खाली एक तडा गेलाय. रंगाऱ्यानं त्यावर पुट्टी भरली होती. तड्यानं ती नाकारली.

"आठे पह्यले काय व्हतं? कपाशीनं वावर?"

"हो आबा," मी म्हटलं. कपाशीचंच वावर होतं. मी प्लॉट बघायला आलो तेव्हा बोंडं फुटलेली होती.

"मंग काई माटी. पाया मुरूमलोंग गया का?"

हा प्रश्न मी ज्या दिवशी बुकिंगचा चेक दिला त्या दिवशी विचारायला हवा होता, असं आता आमच्या इमारतीतला प्रत्येक जण म्हणतो. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसतं घर ठेवून चालत नाही, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. ज्याच्या बैलाचा पाय त्या भेगेत अडकलाय त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

"आबा, आरसीसी आहे," सुपरवायझर म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्यानं जोड दिली, "आणि तडा उन्हाचा आहे सर. मे महिन्यात पंचेचाळीस टेंपरेचर. काँक्रीट पण शेवटी..."

शेवटी काय, ते त्यालाही सुचलं नाही. इथं मात्र माझं डोकं सटकलं. ऊन जळगावला यंदा पहिल्यांदा पडलं का? उन्हाचं गाव आहे म्हणून तर पाणी जास्त दिवस मारायचं असतं. भारतीय मानक ४५६ सांगतं की कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १४ दिवस ओलावा हवा. आमच्या इमारतीला पाणी मारायला वॉचमन होता, आणि वॉचमनला पाणी नव्हतं. टँकर आला की मारायचं, नाही आला की मारलं असं वहीत लिहायचं. मानक वगैरे मी हौसेनं वाचलेलं नाही. पलंगाखालचं पाणी वाळेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नसतं.

आणि काटकोन? चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, त्याचा शिलालेख आजही आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात गणित शिकायची चोख सोय होती. माझ्या घरात मात्र सुताराला कपाट बसवायला एकही काटकोन सापडला नाही. त्यानं गुण्या लावला, काढला, पुन्हा लावला आणि मलाच विचारलं, "कोणता कोपरा खरा धरू?" ओट्याचंही तेच. भरताचं वांगं ठेवलं की ते आपणहून शेगडीकडे निघतं. भरीत करायचं असेल त्या दिवशी याला सोय म्हणता येईल.

माझं लहानपण पारोळ्याकडच्या धाब्याच्या घरात गेलं. तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. धाबं गळायचं, वरून गोम पडायची, उंदीर तर आमच्या आधीपासूनचे. पण पावसाळ्याआधी आजोबा वर खारी माती टाकायचे, आणि तरीही कुठं गळलं तर भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन वर जाऊन पायानं माती दाबायचे. गळणं थांबायचं. आजोबांना त्यासाठी तिकीट नंबर लागला नाही. मला लागतो. बिल्डरच्या ॲपवर तक्रार टाकली की नंबर मिळतो आणि दुसऱ्या दिवशी 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, पाच तारे द्या' असा निरोप येतो. त्या धाब्याच्या घरात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्याबाई माहेरी यायच्या तेव्हा माजघरातल्या लाकडी सऱ्याला झोका बांधायचे आणि दोन-दोन बाया त्यावर उभ्या राहायच्या. यंदा माझी लेक आखाजीला आली आणि हौसेनं म्हणाली, झोका बांधू. ड्रिलवाला आणला. भोक पडलं हुकापुरतं, प्लास्टर पडलं परातभर. आखाजीची गाणी लेकीनं सोफ्यावर बसून म्हटली.

असो. इकडे आबांनी बाल्कनीचं दार लावून बघितलं, ते लागलं नाही. मग ढकललं, ते लागलं, पण हॉलच्या खिडकीची काच थरथरली.

"घर हालस," आबा म्हणाले.

सुपरवायझरनं आता शेवटचं अस्त्र काढलं. "आबा, तुमच्याच तालुक्यातले फरकांड्याचे झुलते मनोरे घ्या. हलतात म्हणून त्यांना कुणी वाईट म्हणतं का? लोक लांबून बघायला येतात!"

आबांनी टोपी सारखी केली. "त्यामाईन एक त पडी गया ना, भाऊ."

यावर आरसीसी आहे असंही म्हणता येईना. तेवढ्यात आमच्या सोसायटीचे चेअरमन अप्पा दारात उगवले. कुणाच्याही घरी बाहेरचा माणूस आला की अप्पांना कळतं. त्यांनी आत एक नजर टाकली, वायपर पाहिला, आबांना पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवया अशा काही हलवल्या की मला अर्थ विचारावा लागला नाही. आमच्या ग्रुपवर अलिखित ठराव आहे : ओल, तडे, लिफ्ट यांबद्दल बाहेर बोलायचं नाही, भाव पडतो. एकमेकांत बोलायचं, तेही जिन्यात. त्यामुळे झालंय असं की अख्ख्या इमारतीत प्रत्येकाच्या घरात पाणी आहे आणि प्रत्येक जण पाहुण्यांना "काम एकदम सॉलिड" म्हणून सांगतो. फसवायला आता बिल्डरची गरजच उरलेली नाही, आम्ही फुकटात करतो. दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी तर सगळ्या हॉलच्या ओलीवर वॉलपेपर लावलाय, समुद्रकिनाऱ्याचा. त्यावरही आता खरी ओल आली आहे.

आबा थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "भाऊ, तुम्ही सांगा. लेवानं का नही?"

अप्पांच्या भुवया. सुपरवायझरचे हात जोडलेले. आणि मी टॉवेलवर. मी सगळं सांगितलं. जाळीपासून सुरुवात केली, ओटा, कपाट, झोका, वॉलपेपरवाले सर (अप्पा इथं खोकले), टँकर, वॉचमनची वही. आबा मान डोलवत ऐकत होते. मधे त्यांनी "आनि पाइप?" असं एकदा विचारलं, तेही मी सांगितलं. शेवटी त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली, "माणूस खरा शे," म्हणाले, आणि गेले. अप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी कळलं की आबांनी फ्लॅट घेतला. माझ्या बरोबर वरचा.

मी सांगितलेली एकेक गोष्ट त्यांनी शेठपुढे जशीच्या तशी मांडली आणि दोन लाख कमी करून घेतले. वर अट घातली : बाथरूमचा उतार आपल्यादेखत काढायचा, आबा स्वतः बादली ओतून बघणार, पाणी जाळीत गेलं तरच शेवटचा हप्ता. दुसऱ्याच दिवशी वर हातोडे सुरू झाले. माझी तक्रार महिनोन्‌महिने ॲपवर पाच तारे मागत पडलेली आणि यांच्याकडे ताबा मिळायच्या आत मिस्तरी. मी सुपरवायझरला जिन्यात गाठलं. म्हटलं, एवढे आलाच आहात तर एक मजला खाली उतरा. तो खरंच ओशाळला. "सर, तुमचं पेमेंट पूर्ण झालंय ना," म्हणाला.

मग मी लेखी पत्र दिलं. रेराच्या २०१६ च्या कायद्याचं कलम १४ त्यात लिहिलं : ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कारागिरीतला दोष कळवला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. पत्राचं उत्तर मात्र लगेच आलं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. 'सदर जागेची पाहणी केली असता, दोष हा पाण्याच्या वापरामुळे उद्भवल्याचे निदर्शनास आले आहे.' अप्पांना दाखवलं. ते वाचून म्हणाले, हे ग्रुपवर टाकू नका.

आबांचा नातू राहायला आलाय. आबांनी मला मुद्दाम वर नेऊन बादली ओतून दाखवली. पाणी कुठंही न थांबता सरळ जाळीत गेलं. त्या जाळीखालचा पाइप माझ्या बाथरूमच्या छतातून जातो, आणि त्याचा जोड जुन्याच मिस्तरीनं केलेला आहे. नातवाच्या आंघोळीची वेळ सकाळी सात.