विज्ञानाकडे उत्तर आहे, निदान बरंचसं

शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं स्वतःचं शरीर छताजवळून पाहिल्याचे, म्हणजे शरीराबाहेर पडल्याचे, लोकांचे अनुभव तुमच्या लेखात छान मांडलेत. पण 'विज्ञानाकडे याचं उत्तरच नाही' हा त्यातला निष्कर्ष पटला नाही.

२००२ साली जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी अपस्माराच्या (फिट्सच्या) एका रुग्ण बाईंचा मेंदू तपासत होते. उजव्या कानाच्या वर-मागे असलेल्या मेंदूच्या भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा आधी त्या बाईंना पलंगात बुडाल्यासारखं वाटलं. प्रवाह वाढवल्यावर त्या वरून स्वतःलाच पाहू लागल्या, आणि दिसले फक्त पाय आणि कमरेकडचा भाग! नजर, स्पर्श आणि तोल यांची सांगड मेंदूचा हाच भाग घालतो. ती विस्कटली की 'मी कुठे आहे' याचा हिशेब चुकतो. २००७ मध्ये तर कॅमेरा, त्याचं चित्र दाखवणारा डोळ्यांसमोरचा छोटा पडदा आणि त्याच वेळी अंगाला केलेला स्पर्श एवढंच वापरून धडधाकट माणसांनाही असाच भास घडवता आला.

हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर डॉक्टर सॅम पारनिया यांनी केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अनेकजण आत्मा शरीराबाहेर जातो याचा पुरावा म्हणून देतात. त्यात फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं उंचावरच्या फळ्यांवर ठेवली होती. पण ज्या दोघांनी पाहिल्या-ऐकल्याचं सविस्तर सांगितलं, त्यांचं हृदय जिथे बंद पडलं तिथे अशी फळीच नव्हती. त्यामुळे त्यातून आत्मा सिद्ध होत नाही, खोडलाही जात नाही.

शरीराबाहेर पडल्याचा अनुभव कुणाला वारंवार येत असेल, सोबत झटके येत असतील, तर कृपया आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. घरच्यांनीही त्या माणसाला खोटं पाडू नये.