मिगचं कौतुक ठीक, पण आधी घरची लाइन बघा

वेल्डिंग मशीन निवडण्यावरच्या तुमच्या लेखात घरगुती वर्कशॉपसाठी पहिलं मशीन म्हणून थेट २५० अँपिअरचं मिग (गॅसच्या आडोशात वायर वितळवून जोड करणारं मशीन) सुचवलंय, ते पटलं नाही. मिग घेतलं की सीओटू सिलिंडर, रेग्युलेटर, वायरचं रीळ हे सगळं आलंच. शिवाय पुण्यात बरेच जण हे काम गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात करतात. तिथे वाऱ्याने गॅस उडाला की जोडात भोकं पडलीच म्हणून समजा.

ग्रिल, स्टँड, टेबल एवढंच करायचं असेल तर २०० अँपिअरचा सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क, म्हणजे रॉडने वेल्डिंग करायचं मशीन, पुरे. ६०१३ या प्रकारची अडीच एमएम वेल्डिंग रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालते. हे अँपिअर रॉडकडचे, लाइनवरची ओढ त्याहून बरीच कमी, म्हणून चांगल्या वायरिंगच्या १६ अँपिअर पॉइंटवर हे निभतं. पूर्ण २०० वर चालवायचं म्हटलं तर मात्र घरची लाइन पुरणार नाही. घेताना डब्यावरचा मोठा आकडा सोडा, ड्यूटी सायकल विचारा. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, बाकी वेळ मशीनला विश्रांती. पातळ १८ गेज (साधारण सव्वा एमएम जाडीच्या) पाइपला आर्कने भोक पडतं हे खरं, त्यासाठी पुढे मिग घ्या की!

कापायला चार इंची ग्रायंडर आधी, १४ इंची चॉप सॉ (पाइप कापायचं टेबलावरचं चक्रीचं मशीन) नंतर. प्लाझ्मा कटरला कॉम्प्रेसर आणि कोरडी हवा लागते, घरी कशाला?

पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत, भाव काढाच, पण वॉरंटीचं बिल पक्कं घ्या. आणि जीआय (झिंकचा थर दिलेल्या) पाइपचं झिंक घासल्याशिवाय वेल्डिंग करू नका, तो धूर वाईट. लेखात हे यायला हवं होतं.