सेकंदाला त्र्याऐंशी टाके

शिवणयंत्र घ्यायचे मनात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ‘घ्यावे का’ हा, आणि त्याचे उत्तर त्याने कोणालाही न विचारता परस्पर देऊन टाकलेले असते. कसोटी लागते ती दुसऱ्या प्रश्नाला: घरगुती घ्यावे की औद्योगिक? या विषयावर मत नसलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. ज्यांनी उभ्या आयुष्यात तुटलेले बटणसुद्धा स्वतः लावलेले नाही, त्यांचीही मते ठाम आहेत. किंबहुना त्यांचीच अधिक ठाम आहेत.

माझ्यापुरते सांगायचे तर दोन पक्ष होते आणि दोघांनाही मी टाळू शकत नव्हतो. एका बाजूला माझा जुना मित्र, ज्याच्याकडे औद्योगिक यंत्र आहे आणि जो घरगुती यंत्रांना सरसकट ‘खेळणी’ म्हणतो. दुसऱ्या बाजूला माझी ताई, जिचे घरगुती यंत्र कित्येक वर्षे कुरकुर न करता चालले आहे आणि जिने माझे सगळे बोलणे ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला, “तुला कारखाना काढायचा आहे का रे?”

कारखाना काढायचा नव्हता. पण मोठ्या यंत्रापुढे प्रत्यक्ष बसल्यावर असले शहाणपण टिकत नाही. मित्राने बटण दाबले आणि टेबलाखालची क्लच मोटर सुरू झाली. मी शिवत नसलो तरी ती फिरतच राहते, आणि रुसलेल्या नातेवाइकासारखी खालच्या आवाजात धुसफुसत राहते. पायडलवर पाय ठेवला की क्लच लागतो आणि तिची सगळी ताकद एकदम यंत्राला मिळते. पाय किती हळू दाबायचा याचे म्हणे एक तंत्र असते. ते तंत्र माझ्या पायाला कळायच्या आत सुती कापडाची ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून पलीकडे पडली होती, आणि माझे दोन्ही हात कापड धरल्याच्या आविर्भावात जागच्या जागी होते. मित्र म्हणाला, “सर्व्हो मोटर, म्हणजे पाय दाबला तरच फिरणारी, बसवली की आवाजही जातो आणि वेगही आवरता येतो.” त्याने स्वतः ती का बसवली नाही, हे विचारल्यावर त्याने विषय बदलला.

मोठ्या यंत्राच्या गुडघ्याचे मात्र मला मनापासून कौतुक वाटले. सुईखालचे कापड दाबून धरणारे फूट उचलायला तिथे हात लागत नाही. टेबलाखाली एक दांडी असते, ती उजव्या गुडघ्याने बाजूला ढकलली की फूट वर जाते, तेही तब्बल १३ मिलिमीटर. दोन्ही हात कापडावरच राहतात. ज्याने कोपऱ्यावर कापड वळवताना एक हात सोडला आणि त्याच क्षणी सगळ्या घड्या निसटताना पाहिल्या आहेत, त्यालाच या दांडीची किंमत कळेल.

घरी येऊन मी हिशोब मांडला. साधे औद्योगिक यंत्र मिनिटाला सुमारे ५,००० टाके घालते, म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी. एक टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर सेकंदाला वीस सेंटिमीटर टीप झाली. पँटच्या पायाचा घेर चाळीस सेंटिमीटर मानला तर एक पाय दोन सेकंदांत आटोपतो. घरगुती यंत्र मिनिटाला साधारण ८०० टाके घालते, म्हणून त्याला त्याच घेरासाठी बारा सेकंद लागतात. याचा अर्थ एका पँटमागे माझी वीस सेकंदे वाचणार होती. त्याआधी पँट घालून आरशापुढे उभे राहणे, उंचीवर घरातल्यांचे एकमत घडवून आणणे, खडूची खूण करणे, कापणे, दुमडणे, इस्त्री फिरवणे आणि टाचण्या लावणे यांत जी संध्याकाळ जाते, ती दोन्ही यंत्रांत सारखीच जाते. वाचलेल्या वीस सेकंदांत काय करावे याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. त्या विचारालाच वीस सेकंदांहून अधिक वेळ लागला.

शिवाय पँट हा मोठ्या यंत्राचा विषयच नव्हे. घरगुती यंत्राच्या पुढचा सामान ठेवायचा कप्पा सरकवून काढला की खाली एक अरुंद हात उरतो, त्यावर बाही किंवा पँटचा पाय सरळ चढवता येतो आणि गोल फिरवत शिवता येतो. औद्योगिक यंत्र टेबलात सपाट बसवलेले असते. तिथे तोच पाय आतल्या बाजूने, नळीत डोके घातल्यासारखा वाकून शिवावा लागतो, आणि जरा लक्ष चुकले तर पुढची बाजू मागच्या बाजूला कायमची जोडली जाते. ही गोष्ट मित्राने मला सांगितली नव्हती. ताईने सांगितली, आणि तीही आनंदाने.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण सोफ्याचे कव्हर आणि जाड पिशव्यांचे पट्टे डोळ्यांपुढे येत होते, म्हणून जागेचे माप घ्यायचे ठरले. औद्योगिक यंत्राचे टेबल सुमारे चार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद असते, आणि ते घडी घालून पलंगाखाली सरकवण्याची सोय नसते. पत्नीने मापटेप घेतली, खोलीभर फिरली आणि शांतपणे म्हणाली, “बसेल. मग कपाट बाहेर काढू, की तुला?” नुसते यंत्राचे डोकेच तीसेक किलोचे असते. त्याच्या खाली तेलाची परात असते, कारण आतला पंप सतत तेल फिरवत राहतो. वरच्या छोट्या काचेतून ते उडताना दिसले तर सगळे ठीक, न दिसले तर ताबडतोब थांबायचे. परातीत तेल ओतायला विसरलेल्या माणसाचे यंत्र पुढे कोणत्या भावाने भंगारात जाते, हे मित्राने इतक्या बारकाव्यांनिशी सांगितले की मी तो माणूस कोण, हे विचारले नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांना या बेताचा सुगावा कसा लागला ते कळले नाही. त्यांनी जिन्यात गाठून, मोटरची थरथर जमिनीतून खाली उतरते का, अशी अत्यंत सौम्य चौकशी केली. मी त्यांचे आभारच मानले, कारण इतिहास याहून कठोर आहे. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी अशी यंत्रे एका कारखान्यात बसवली. पोटावर पाय येईल या धास्तीने पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी आत शिरून ती फोडून टाकली. काका अजून चौकशीच्याच पायरीवर होते.

घरगुती यंत्राच्या बाजूने बोलायचे तर त्यालाही खोड्या आहेत. त्याच्या चकतीवर पाने, लाटा, बदके अशी नक्षी कोरलेली असते, आणि विकणारा प्रत्येक जण बदकापासून सुरुवात करतो. मला ओळीने बदके हवी असलेला एकही कपडा आठवला नाही. पण त्याच चकतीवर कडेचे दोरे आवरणारी झिगझॅग आणि काज असतात, आणि इथेच मोठ्या यंत्राची बोलती बंद होते. ते सरळ टीप घालते. अप्रतिम घालते, पण दुसरे काही घालत नाही. झिगझॅग हवी असेल तर वेगळे यंत्र, कडा आवरायला ओव्हरलॉकचे वेगळे, काजाचे आणखी वेगळे. दोघांच्या सुयासुद्धा एकमेकींच्या घरी जात नाहीत: घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते, त्यामुळे ती उलटी बसवताच येत नाही, औद्योगिक सुईचा दांडा पूर्ण गोल, ती कशीही बसते आणि चुकीची बसली तर टाकाच धरत नाही.

शेवटची कसोटी होती ती जीन्सच्या दुमडीची. बाजूची जाड शिवण दुमडीत येते तिथे कापडाचे दहा-बारा थर एकावर एक चढतात, फूट पुढून वर उचलले जाते आणि टाके सुटू लागतात. मी मित्राला विचारले, तुझे यंत्र हा डोंगर कसा चढते? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिथे मी मोटर बंद करतो आणि चाक हाताने फिरवतो.” फुटाच्या मागे कापडाची घडी सरकवून ते समपातळीत आणायचे आणि टाका टाका करून पुढे जायचे, हा उपाय ताईही करते. त्र्याऐंशी टाक्यांचा धनी आणि खेळण्याची मालकीण या दोघांचा त्या जागी वेग एकच होता.

मी चकतीवरची नक्षी कमीत कमी असलेले घरगुती यंत्र घेतले. पंधरवडा उलटायच्या आत मित्र एक बिनकाजांचा सदरा घेऊन दारात उभा राहिला, आणि मी सोफ्याचे जाड कापड घडी घालून तयारच ठेवले होते. आता वाद एवढाच उरला आहे की एका कव्हराच्या बदल्यात किती काजे करायची. तो तीस म्हणतो. मी बारापर्यंत आलो आहे, आणि गळपट्टीचे काज आडवे असते म्हणून ते दोन धरावे, यावर अडून बसलो आहे.