नावपट्टीवर अडलेली परिषद

जुनाट दुखण्यावर मुंबईत दोन दिवसांची परिषद घ्यायची, हाडांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, फिजिओ, मानसोपचारतज्ज्ञ, नर्स सगळ्यांना एकत्र बसवायचं, असं ठरलं. मी मँचेस्टरमध्ये फिजिओ. बाकी मंडळी परळ-दादरची. तिसऱ्या व्हिडिओ कॉलवर गाडी अडली ती नावपट्ट्यांवर. फिजिओच्या नावाआधी 'डॉ.' छापायचं का? पाऊण तास गेला!

वाद ताजा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओंनी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. आमच्या लोकांना वर्षानुवर्षं 'मालिशवाले' म्हणून हिणवलंय, त्यामुळे त्यांची चीड मला कळते. पण इंग्लंडात सर्जन स्वतःला 'मिस्टर' म्हणवतात आणि त्यात त्यांना मान वाटतो, हे मी सांगितलं तर एक सर म्हणाले, "तिकडचं तिकडे."

तेही खरंच. इकडे इंग्लंडात पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्याच्या दवाखान्यात, सगळे एका टेबलाशी बसतात, पण त्या टेबलापर्यंत पोचायला पेशंटला महिनोन्महिने लागतात. मुंबईत सकाळी कंबर धरली तर रात्री एमआरआयचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर.

लालबागच्या मावशीने मला असाच रिपोर्ट पाठवला. डॉक्टर म्हणाले, "गादी सरकलीय." त्या दिवसापासून तिने वाकून केर काढणं सोडलं, नातवाला उचलणं सोडलं. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन तपासणारा एक आढावा २०१५ साली आला: विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांची मणक्यातली चकती, म्हणजे हीच गादी, फुगलेली. हे तिला सर्जनने सांगायचं होतं, फिजिओने की नर्सने? माझ्या मते परिषद घ्यायची तर या प्रश्नावर.

वेदना अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा टिपेत लिहिलं की दुखतंय म्हणणाऱ्याच्या शब्दाचा मान राखावा. म्हणून मी सुचवलं, पहिली वीस मिनिटं मावशीला द्या. ठणका, कळ, चमक यांतलं नेमकं काय, ते ती सांगेल. जरा कुरकुर झाली, पण मानलं.

तिच्या पट्टीवर काय छापायचं ते विचारायला फोन केला. म्हणाली, "सौ. वगैरे नको रे, नुसतं नाव घाल. आणि खुर्ची हातांची ठेवा, उठताना टेकायला लागतं."